सगळ्यालाच ‘लॅग’ म्हणू नका

आमच्या पिढीच्या तोंडात एक शब्द असा काही बसलाय की तो आता हलता हलत नाही. तो शब्द म्हणजे ‘लॅग’. खेळताना नेम चुकला, लॅग. पडदा क्षणभर गोठला, लॅग. चित्र मधूनच आडवं कापल्यासारखं दिसलं, तेही लॅग. कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ फिरत राहिला तरी लॅगच. ‘लॅग मारायलंय की रे’ एवढं एक वाक्य येत असलं की बेळगावातल्या कुठल्याही हॉस्टेलवर तुमचं भागतं.

मंडळाच्या अंकात कथा-कवितांच्या शेजारी ग्राफिक्स कार्डावरचा लेख कशाला, असं काहीजण विचारतील. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आधी भाषेचा आहे, यंत्राचा मागाहून. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हटलं तर ते कुठे, कधीपासून, कसं, असं दहा प्रश्न विचारतात. कॉम्प्युटरच्या दुकानात ‘लॅग मारतंय’ म्हटलं तर सहसा एकही प्रश्न येत नाही. समोर नवीन कार्डाचा खोका येतो. बऱ्यापैकी कार्ड घ्यायचं म्हणजे पंचवीस-तीस हजार कुठे गेले नाहीत. हे पैसे कुणाच्या तरी बाबांच्या पगारातून येतात, नाहीतर उसाच्या बिलातून. एका सैल शब्दापायी एवढी रक्कम चुकीच्या औषधावर जाते, हे मला पटत नाही.

तेव्हा आधी शब्द वेगळे करू. नेटवर्कचा उशीर ही एक गोष्ट. सर्व्हर लांब असतो, वायफाय कमजोर असतं, पिंग वाढतो. ह्याचा ग्राफिक्स कार्डाशी काडीचा संबंध नाही, पन्नास हजारांचं कार्ड बसवलं तरी पिंग जागच्या जागी राहतो. खरा ‘लॅग’ हाच, आणि तो ह्या लेखातून इथेच बाहेर काढू. उरतात तिघे. चित्र सलग न येता ठेचा खात येतं, त्याला मी ‘अडखळणं’ म्हणतो. वरचा अर्धा पडदा एका क्षणाचा आणि खालचा अर्धा दुसऱ्या क्षणाचा दिसतो, ते ‘फाटणं’. माउस हलवल्यावर चित्र मागाहून हलतं, तो ‘हाताचा उशीर’. हे शब्द माझे आहेत, कुणाला ह्याहून बरे सुचले तर मंडळाला कळवावेत. तिघांची कारणं निराळी आणि औषधंही निराळी. काही वेळा तर एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

अडखळणं सर्वांत जास्त छळतं आणि त्याच्याचबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दिसतो, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार झाली ते. आकडा मोठा तर खेळ गुळगुळीत, असं आपण धरून चालतो. आता हिशेब करून बघा. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत झाल्या आणि एक फ्रेम २९२ मिलिसेकंद अडकून पडली. बेरीज बरोबर १००० होते. कोपऱ्यातला आकडा ऐटीत ६० सांगेल, पण तुमच्या डोळ्यांसमोर पडदा पाव सेकंदाहून जास्त वेळ गोठलेला असेल, आणि नेमका तेव्हाच समोरच्याने तुम्हाला टिपलेलं असेल.

ही सरासरीची फसवणूक जुनी आहे. ‘द टेक रिपोर्ट’ ह्या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी २०११ साली सेकंदाच्या आत डोकावून एकेक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून दाखवलं. त्यानंतर हळूहळू बाकीचे परीक्षकही फ्रेमचा वेळ मोजू लागले. आज चाचण्यांमध्ये ‘१ टक्का लो’ असा आकडा दिसतो तो त्याचाच पुढचा भाग, म्हणजे सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेम कशा होत्या ते. कार्डाची चाचणी बघताना सरासरी सोडून हा आकडा बघा. सरासरी ९० आणि लो ३५ अशा कार्डापेक्षा सरासरी ७० आणि लो ५८ असलेलं मला कधीही चालेल.

चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्यांना आणि गावच्या भजनात टाळ धरणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. लय धिमी असली तरी चालते, पण मात्रा पुढे-मागे पडली की ऐकवत नाही. सिनेमा बघा ना. बोलपट आल्यापासून तो सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, आणि तीन तास बसून आपण एकदाही कुरकुर करत नाही. त्याच्याही आधी, १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा काळ होता. फिरवणाऱ्याच्या मनगटात समान लय असणं हीच तेव्हाची कारागिरी. आता ते मनगट म्हणजे आपलं कार्ड, आणि आपण त्याला म्हणतो, जमेल तेवढं जोरात फिरव.

अर्थात सिनेमातली चित्रं कॅमेऱ्याने थोडी पुसट टिपलेली असतात आणि सिनेमा माउसला उत्तर देत नाही, म्हणून खेळाला २४ पुरत नाहीत हे मान्य. पण किती पुरतात? ३० वरून ६० वर गेलं की एका फ्रेमचा वेळ ३३.३ वरून १६.७ मिलिसेकंदांवर येतो. जवळजवळ १७ मिलिसेकंदांची बचत, आणि ती कुणालाही जाणवते. ६० वरून १४४ वर गेलं की दहाएक मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलं की तीनसुद्धा वाचत नाहीत. पैसे मात्र उलट्या दिशेने वाढतात.

मग अडखळणं जातं कशानं? बऱ्याचदा आकडा वाढवून नाही, त्याला वेसण घालून. कार्ड मोकळं सोडलं की मोकळ्या मैदानात ते ११० फ्रेम काढतं आणि गर्दीच्या ठिकाणी ६५ वर आपटतं. ही वरखाली डोळ्याला टोचते. ६० वर मर्यादा घातली की मैदानातही ६० आणि गर्दीतही ६०. एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये २०२० सालापासून ‘मॅक्स फ्रेम रेट’ नावाचं सेटिंग आहे, त्याआधी त्यासाठी रिवाट्यूनरसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे आणि पुष्कळ खेळांच्या स्वतःच्या मेनूतही असते. फुकटचं सेटिंग आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. तरी हॉस्टेलवर ‘मर्यादा घाल’ म्हटलं की पोरं अशी बघतात जणू त्यांच्या गाडीचा गिअर काढून मागितला.

मर्यादेची आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे उष्णता. २०१० साली ‘स्टारक्राफ्ट २’ आला तेव्हा ऐन लढाईत नव्हे, मेनूच्या पडद्यावर कार्डं भयंकर तापत असल्याच्या तक्रारी आल्या. कारण सोपं होतं. मेनूत काढायला फारसं काही नसतं, म्हणून मोकळं सोडलेलं कार्ड तेच ते चित्र सेकंदाला शेकडो वेळा काढत बसायचं. शेवटी ब्लिझर्डने एका फाइलीत दोन ओळी घालायला सांगितल्या, खेळात ६० आणि मेनूत ३० ची मर्यादा. २०२१ साली अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ची चाचणी-आवृत्ती चालवताना काही आरटीएक्स ३०९० कार्डं चक्क मेली. कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीएला पुढे काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष सापडला, त्यांनी ती बदलून दिली, आणि अ‍ॅमेझॉननेही मेनूवर फ्रेमची मर्यादा घातली. आपलं बेळगाव थंड म्हणतात, पण एप्रिलात वरच्या मजल्यावरच्या खोलीत गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला ते कोण सांगणार? लॅपटॉप तापला की स्वतःच वेग उतरवतो, थंड झाला की चढवतो, पुन्हा तापतो. ही चढउतार म्हणजे अडखळणंच. अशा वेळी ४५ किंवा ६० ची मर्यादा आणि खाली दोन पुस्तकं (लायब्ररीची नकोत) ह्यांचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्या ‘बूस्टर’ अ‍ॅपचा होत नाही.

बाकी खेळातली सेटिंग्ज. ‘सगळं लो’ ही घाई असते आणि ‘सगळं अल्ट्रा’ हा मिजास. सावल्या, धुकं आणि प्रकाशझोत, प्रतिबिंबं, रे ट्रेसिंग, ही कार्डाला खाणारी मंडळी, पहिली कात्री तिथे लावा. अ‍ॅनायसोट्रॉपिक फिल्टरिंगला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही, ते १६ वर ठेवा, रस्ते-जमीन लांबवर स्पष्ट दिसते. टेक्स्चरचं गणित वेगळं आहे, ते कार्डाच्या वेगापेक्षा त्याच्या मेमरीवर अवलंबून असतं. आपल्याकडे अजून कितीतरी जणांकडे जीटीएक्स १६५० आहे, त्यात ४ जीबी मेमरी. टेक्स्चर अल्ट्रावर ठेवलं की ती भरते, मग उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून ओढून आणावा लागतो, आणि वळणावळणावर ठेच लागते. सरासरी आकड्यात हे फारसं दिसणारही नाही. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की झालं. नवीन खेळ पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर कंपाइल होत आहेत’ असं येतं तेव्हा ते वगळून आत घुसायची सवयही सोडा. तेव्हा वाचवलेली पाच मिनिटं पुढे प्रत्येक नव्या जागी झटक्यांच्या रूपानं फेडावी लागतात.

फाटणं समजायला सोपं आहे. मॉनिटर चित्र वरून खाली रंगवत येतो, ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० वेळा. तो अर्ध्यावर असताना कार्डाने नवीन चित्र पुढे केलं तर खालचा अर्धा भाग नव्या चित्राचा येतो. व्ही-सिंक चालू केलं की कार्ड मॉनिटरची पाळी संपेपर्यंत थांबतं. फाटणं बंद होतं, पण थांबण्यापायी हाताचा उशीर वाढतो. आणि कार्डाला पन्नासच फ्रेम जमत असतील तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर काही चित्रं एक पाळी दिसतात, काही दोन पाळ्या, म्हणजे फाटणं गेलं आणि अडखळणं आलं. औषध बाधतं म्हटलं ते हे.

ह्यावरचा चांगला उपाय म्हणजे मॉनिटरनेच कार्डासाठी थांबायचं. एन्व्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, पण मॉनिटरमध्ये त्यांचं महागडं यंत्र लागायचं. एएमडीचं फ्रीसिंक २०१५ पासून बाजारात आलं, ते स्वस्त पडलं. जानेवारी २०१९ मध्ये एन्व्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरवर चालू दिली. त्यामुळे आता साध्या मॉनिटरमध्येही ही सोय मिळते, फक्त ती मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी दोन्हीकडे चालू करावी लागते. ती चालू असली की मर्यादा मॉनिटरच्या वेगाहून थोडी खाली ठेवायची, १४४ हर्ट्झला १३८ ते १४० वगैरे, म्हणजे कार्ड त्याच्या पट्ट्यातच राहतं. माझ्या मते तीस हजार हातात असतील आणि मॉनिटर जुना ६० हर्ट्झचा असेल, तर आधी मॉनिटर बदलावा. कार्ड मित्रांना दाखवता येतं हे खरं, पण बघायचं शेवटी मॉनिटरवरच.

मॉनिटरवरून आठवलं. आमच्या ओळखीतल्या एका ज्युनिअरने गेल्या नाताळच्या सुट्टीत घरच्यांना पटवून नवीन कार्ड आणलं. मॉनिटर त्याच्याकडे १४४ हर्ट्झचा होताच. कार्ड बसवलं, आकडा दुप्पट झाला, खेळ दिसायला तसाच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत जाऊन बघितलं तर मॉनिटर ६० वर लावलेला. घेतल्या दिवसापासून. दीड वर्षं तो पोरगा १४४ चा मॉनिटर ६० वर वापरत होता आणि ‘लॅग’ म्हणून कार्डाला शिव्या घालत होता. दुकानदाराने काही विचारलं नव्हतं, आणि ह्यालाही काय बिघडलंय ते सांगता आलं नव्हतं.

आता हाताचा उशीर. इथे माझ्या ‘मर्यादा घाला’वर आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘व्हॅलोरंट’ खेळणारे म्हणतात, मॉनिटर ६० चा असला तरी २०० फ्रेम काढल्याने फायदा होतो. खरं आहे. पडद्यावर येणारी फ्रेम जितकी ताजी तितका तिच्यातला तुमच्या हाताचा हिशेब ताजा. स्पर्धेत उतरणाऱ्याने मर्यादा काढावी, फाटणं सोसावं, खेळात एन्व्हिडियाचं रिफ्लेक्स असेल तर ते चालू करावं. पण आपल्यातले किती जण स्पर्धेत उतरतात? रात्री जेवण झाल्यावर तासभर ‘जीटीए’मध्ये गाडी फिरवणाऱ्याने स्पर्धकाची सेटिंग्ज लावणं म्हणजे मॅरेथॉनचे बूट घालून शनिवार खुटावर भाजी आणायला जाणं.

आणि ह्याच उशिराच्या बाबतीत आता नवीन घोळ सुरू झालाय. २०२२ पासून एन्व्हिडियाने ‘फ्रेम जनरेशन’ आणलं, पुढे एएमडीनेही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने बनवलेली एक फ्रेम घुसवायची, नव्या कार्डांवर तर तीन. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० एवढी कामगिरी देईल असं सांगितलं. ते ४०९० बाजारात आलं होतं १५९९ डॉलरना. ही बरोबरी ह्या घुसवलेल्या फ्रेम धरून होती. चित्र गुळगुळीत दिसतं ह्यात शंका नाही, आणि मुळात ६०-७० खऱ्या फ्रेम मिळत असतील तर ही सोय चांगलीच आहे. पण मधल्या फ्रेमना तुमच्या माउसची खबर नसते. शिवाय मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे ती थोडी रोखून धरावी लागते. मुळात ३० फ्रेम मिळत असतील तर कोपऱ्यात १०० दिसतील आणि हाताला खेळ ३० चाच लागेल, वर थोडा आणखी उशीर. ‘एफपीएस किती?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हा आकडा बनवलेला आहे. त्यातल्या खऱ्या किती, हे विचारणारं गिऱ्हाईक दुकानात गेलं पाहिजे.

दुकानात जाण्याआधी घरी एक चाचणी करा. खेळाचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी काही बदलू नका, डीएलएसएस वगैरे बंद ठेवा, मर्यादा आणि व्ही-सिंकही तेवढ्यापुरतं काढा. त्याच जागी, त्याच गर्दीत उभं राहून आकडा बघा. तो बराच वर गेला तर कार्डच कमी पडतंय, नव्याचा विचार करायला हरकत नाही. आकडा जवळपास तिथेच राहिला तर कार्डाला काम कमी करूनही फरक पडला नाही, म्हणजे अडलंय प्रोसेसरपाशी किंवा रॅमपाशी, आणि तीस हजारांच्या कार्डानेही तो हलणार नाही. मग झाकण उघडून रॅमच्या पट्ट्या मोजा. एकच असेल तर जोडीची दुसरी टाका, विशेषतः ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही त्यांनी, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डात न खोचता कार्डात खोचली आहे ना, तेही बघा. हसू नका, प्रथम वर्षाच्या दोन खोल्यांमध्ये ती मदरबोर्डातच सापडली आहे.